अजून यायची आहे

दार नीट ओढून घे रागना, वारा आत येतोय. आणि एस्किल, ती टोपली राहू दे तिथेच. मगाशी तू म्हणालास ना, चूल पेटवायच्या या काटक्या बोटाएवढ्याच कशा, इथे काय चिमण्यांचा स्वयंपाक होता का? सगळे हसलात. मीही हसलो. पण माझ्या छातीत काय झालं ते माझं मला ठाऊक.

सांगतो. आधी कॉफी ओता थोडी.

तुम्ही पोरं डोंगरातल्या या मुक्कामाच्या घरी श्रमदानाला आलात. सकाळी उठून भिंती रंगवायच्यात, त्यामुळे तुम्हाला रात्रभर जागं ठेवायची माझी इच्छा नव्हती. तुझी आई, माझी लेक, मला बोलणार, रागना. म्हणेल, बाबांना सांगण्यासारखं दुसरं काही सुचलं नाही का. पण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि आज नाही सांगितलं तर मला डोळा लागायचा नाही.

इनेश आठवते का तुला? हल्वरची बायको, पोर्तुगालची. तू तेव्हा नऊ वर्षांची असशील. जिने तुला इथल्या तळ्यात पोहायला शिकवलं ती. हां, तीच.

हल्वर जहाजावर. तीन आठवडे समुद्रात, तीन आठवडे घरी. तो नसला की बाई एकटी. आणि आपल्या खोऱ्यातले लोक कसे ते तुम्हाला सांगायला नको. खाली दुकानात शेजारी उभं राहिलं तरी मान वळवणार नाहीत. पण तोच माणूस इथे डोंगरात भेटला तर थांबून हाय म्हणेल, खिशातल्या चॉकलेटचा तुकडा मोडून देईल. इनेशला हे पहिल्याच वर्षी कळलं. मला विचारते कशी, "अस्लाक, तुमच्या लोकांशी दोन शब्द बोलायचे तर नक्की किती मीटर चढावं लागतं?" म्हटलं, सहाशे. तेव्हापासून ती चढतच राहिली.

दिवस गेले तरी चढत राहिली. आपली सुईण म्हणाली, चाल बिनधास्त, मी बस म्हणेन त्या दिवशी बस. तिकडून आईचा रोज फोन. "अगं पोटुशी बाई कधी डोंगर चढते का? तुला घरात बसवून ठेवणारं कुणी नाही का तिथे?" इनेश म्हणायची, "नाही ना आई, तीच तर मजा आहे." सप्टेंबरात ती तळ्यात पोहताना मी पाहिलीय. उताणी, पोट पाण्याच्या वर, आणि एकटीच खदाखदा हसतेय. मला इतकं बरं वाटलं होतं तिला बघून. आपल्या डोंगरावर इतकं प्रेम करणारी दुसरी बाहेरची बाई मी पाहिली नाही.

तर ऑक्टोबर. दोन हजार चौदा. या घराची नोंदवही भरत आली होती आणि नवी वर पोचवायची होती. माझ्या गुडघ्याचं तेव्हा नुकतंच ऑपरेशन झालेलं. दुकानात इनेश भेटली. मी म्हटलं, बर्फ पडायच्या आत तुझी शेवटची फेरी व्हायचीच आहे ना, मग ही वही तेवढी नेशील का? एक रात्र राहा, जुनी वही घेऊन खाली ये.

"पहिली ओळ माझी?" ती म्हणाली.

म्हटलं, पहिली ओळ तुझी.

मीच पाठवली तिला. हे आधी सांगून ठेवतो.

आणि पाठवताना एक गोष्ट सांगायला हवी होती, ती मी सांगितली नाही. माझी आई सांगायची, न जन्मलेल्या पोराचं नाव या माळावर तोंडातून काढायचं नाही. उपासमारीच्या सालांत, किंवा लग्न न झालेल्या पोरींना झालेली, अशी पोरं वर आणून टाकायचे. पाद्रीबुवांकडे न नेता, नाव न ठेवता. नाव नाही म्हणून ते मूल ना मातीचं, ना आभाळाचं. ते फिरत राहतं. नाव ऐकलं की घेतं. आणि ज्याचं घेतलं ते मग जन्माला येत नाही.

मी आयुष्यभर विजेच्या तारा ओढल्या. असल्या गोष्टींना मी हसायचो. आता लाज वाटते.

गुरुवार, सोळा ऑक्टोबर. सकाळी नऊला निघाली. सहावा महिना संपत आला होता. ऊन छान होतं, बर्चची पानं पिवळी झालेली, डबक्यांवर कागदाएवढा पातळ बर्फ. दोन वाजता इथे पोचली. आपला नियम तिला पाठ होता. आलेल्याला जागा द्यायची, जमिनीवर झोपवावं लागलं तरी परत पाठवायचं नाही. आणि जाताना पुढच्यासाठी लाकडं तोडून, पाणी भरून जायचं. आधीच्यांनी तिच्यासाठी ठेवलंच होतं. तिने चूल पेटवली, तपकिरी चीज लावून भाकरी खाल्ली आणि या टेबलाशी, एस्किल बसलाय तिथे, नवी वही उघडली.

नाव. कुठून आलात. कुठे जाणार. किती जण.

पहिल्या ओळीत तिने स्वतःचं लिहिलं. मग गंमत वाटली तिला. दुसऱ्या ओळीत पोटातल्या पोरीचं नाव लिहिलं. बेनविंदा. तिच्या आजीचं नाव. या आजीनेच तिला वाढवलं होतं आणि आजी गेली तेव्हा इनेश इथे होती, तिला वेळेत जाता आलं नव्हतं. ते नाव तिने हल्वरलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. जपून ठेवलं होतं. पुढच्या रकान्यात, कुठून आलात, तिथे तिने लिहिलं, अजून यायची आहे. किती जण? दोन.

आणि मग ते मोठ्याने वाचलं. रिकाम्या घरात. दोनदा.

साडेसहाला अंधार पडला. धुकं उतरलं. सातच्या सुमाराला तिला ऐकू आलं. तळ्याच्या बाजूने, बारीक. तिला वाटलं मेंढरू. मग आठवलं की मेंढ्या सप्टेंबरातच खाली जातात.

ती गप्प बसून ऐकत राहिली. आवाज जवळ यायचा, थांबायचा. पुन्हा जवळ. मग बराच वेळ काहीच नाही.

मग दार वाजलं.

वर नाही. खाली वाजलं. गुडघ्याच्याही खाली. हलकेच, तीनदा.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतंत? धुकं, अंधार, ऑक्टोबर, आणि दारावर कुणीतरी. आपण काय शिकवलं होतं तिला? आलेल्याला परत पाठवायचं नाही. तिने दिवा घेतला, दार उघडलं आणि आपल्यातला कोणीही म्हणाला असता तेच म्हणाली. "या आत, जागा आहे."

बाहेर कुणी नव्हतं. नुसतं धुकं. ती क्षणभर थांबली, थंडी आत यायला लागली तशी दार लावून घेतलं. खिट्टी घातली. वळली.

टेबलावरच्या वहीचं पान... हळूच उलटलं.

वाऱ्याने असेल. तिने स्वतःला तसंच सांगितलं. बाकड्यावर बसली. पोटावर हात ठेवला. पोरगी आत ढुशा देत होती, संध्याकाळी द्यायचीच.

आणि वरच्या बिछान्यातून आवाज आला.

"बेन..."

हो. त्याच. रागनाची पिशवी ठेवलीय त्या बिछान्यातून.

लहान मूल नवा शब्द तोंडात घोळवतं ना, तसा. पुन्हा. "बेन..." मग शांतता. ती हलली नाही. श्वाससुद्धा नाही. तिच्या तळहाताखाली पोरगी मात्र... मंदावली. ढुशी आली, पण लांबून आल्यासारखी.

"बेन... विन..."

आता ढुशी नाही. नुसतं एकदा वळल्यासारखं. मग तेही नाही.

इनेशने मला सांगितलं, अस्लाक, मला तेव्हा कुणी काही समजावून सांगायला नको होतं. एक अक्षर तिकडे जात होतं, आणि इकडे एक कमी होत होतं. एकच उरलं होतं.

ती पोर्तुगीजमध्ये विनवायला लागली. नको. माझी आहे. माझी आहे. पोट हलवून पाहिलं, कुशीवर वळली, कपातलं थंड पाणी घटाघटा प्यायली. सुईणीने सांगितलं होतं, थंड पाणी प्यायलं की मूल हलतं. हललं नाही. काहीच नाही. पोट नुसतं जड. दगडासारखं.

वर बिछान्याची फळी करकरली. काहीतरी कडेला आलं. वाकलं.

तिने वर पाहिलं नाही.

"बेन... विन..."

आणि ते थांबलं. तेवढंच अडलं होतं त्याला. शेवटचं अक्षर सापडत नव्हतं. ते रडायला लागलं. हट्टाचं नाही, पोरांनो. थंडीने काकडलेल्या, उपाशी मुलाचं रडणं. ती म्हणाली, तेवढी भीती वाटत असतानाही माझ्या छातीत पान्हा दाटला.

मग ती उठली. खाली मान घालूनच उभी राहिली आणि म्हणाली, "दा. बेनविंदा. घे. माझ्या आजीचं नाव आहे, आता तुझं. पोटातलीचं नाही. तुझं. तुला कुणी दिलं नव्हतं ना? मी देते. तू अजून यायची होतीस. आलीस. इथे तुला जागा आहे."

रडणं थांबलं.

चूल विझत आली होती. किती वेळ गेला तिला माहीत नाही. ती तशीच उभी. तळहात पोटावर. काही नाही... काही नाही...

मग एक ढुशी. अशी जोरात, की ती मटकन खाली बसली आणि ओरडून रडली.

सकाळी ती उतरली तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. तिचा चेहरा पाहूनच मी काय ते ओळखलं. माझ्या स्वयंपाकघरात ती बूट न काढता बसली आणि सगळं सांगितलं. मग मी तिला आईचं सांगितलं. ती मला ओरडेल असं वाटलं होतं, ओरडायलाच हवी होती. तिने फक्त विचारलं, "आधी का नाही बोललात, अस्लाक?"

जानेवारीत मुलगी झाली. धडधाकट. सिग्ने नाव ठेवलं. हल्वर म्हणाला, अगं, पोर्तुगालमधलं ठेवू काहीतरी, तुझ्या आजीचं ठेवू. ती म्हणाली, ते दिलं मी. त्याला वाटलं थकलीय बिचारी. पुढच्या वर्षी तिघं तिकडेच राहायला गेले. निघताना तिने माझ्याकडून एक कबूल करून घेतलं, की ते पहिलं पान कधी फाडायचं नाही आणि दुसरी ओळ कुणी खोडायची नाही. वही त्या फळीवर आहे. नको, एस्किल. आत्ता नको.

त्यानंतरही अकरा वर्षं मी या घराची देखभाल करतोय. दर वेळी दार उघडताना कान देऊन उभा राहतो. कधी आवाज नाही, काही नाही. मला वाटायला लागलं होतं, पोटुशी बाई, एकटी, थकलेली, पडलं असेल स्वप्न. तेवढाच माझा अपराधही हलका.

पण जुलैत छपराच्या कामासाठी हे घर बंद केलं, तेव्हा मी डोंगर-मंडळाचं, सगळ्या सभासदांच्या किल्लीने उघडणारं कुलूप काढून माझं लावलं. किल्ली एकच. ही, माझ्या गळ्यात. सुतार गेले त्या दिवशी मी स्वतः झाडून घेतलं होतं. टोपली रिकामी होती. बादली पालथी घातली होती. आज दुपारी तुमच्यासमोर कुलूप उघडलं, गंजलेलं, तेल घालावं लागलं.

आणि ही टोपली गच्च भरलेली. नीट बघा काटक्या. कुऱ्हाडीने तोडलेल्या नाहीत. मोडल्यात. हाताने. लहानशा.

इथे मुक्काम केलेल्याने पुढच्यासाठी काय ठेवायचं असतं, ते तुम्हाला माहीत आहे. लाकडं आणि...

थांबा. कप खाली ठेवा सगळ्यांनी.

रागना, कॉफीचं पाणी तळ्यावरून कुणी आणलं? तू नाही? मग एस्किल, तू गेला होतास ना? ...कोणीच नाही?

काय म्हणालीस?

बादली भरलेलीच होती?