न उतरणारी निळी रेघ

९ डिसेंबर. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, थंडी बेताची. रात्री जेवणं उरकून मामांच्या गच्चीवर बसलो होतो. भाचरं मागे लागली, "खरी घडलेली सांगा." मामांनी सांगितली ती अशी :

माझा साडू टॉवरच्या कंपनीत गाडी चालवायचा. गेल्या वर्षीची गोष्ट. बावीस नोव्हेंबर, रात्रीचे पावणेबारा. गावाबाहेरच्या टॉवरपाशी कुठला तरी परका सिग्नल घुसत होता, तो शोधून यायचं काम. गाडीत साडू आणि त्याचे साहेब. बस्स.

त्याच्या आदल्या वर्षी याच टॉवरवरून एक गडी पडून गेला होता. सरसर चढायचा म्हणून त्याला सगळे खार म्हणत. त्या दिवशी खाली वॉकीटॉकीवर हेच साहेब होते. चौकशीत म्हणाले, "दोर सरकतोय अशी हाक वॉकीटॉकीवर आलीच नाही. स्वतःच्या हलगर्जीपणानं पडला." झालं! दोष मेलेल्याच्या माथी. त्याची बायको दारोदार सांगायची, "त्यांनी हाक दिलीच असणार हो." ऐकतंय कोण?

तर साहेबांनी स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर काढला. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, हवेतले सिग्नल पडद्यावर दाखवतं. त्यांनी दोन रेघा लावल्या. पिवळी म्हणजे आत्ता काय चाललंय ते. निळी 'मॅक्स होल्ड'वर. पिवळी जिथवर उसळेल तिथवर निळी चढते आणि तिथंच राहते. पुसल्याशिवाय उतरत नाही.

"आमच्या मंडळींसारखीच की," साडू म्हणाला. "भांडण मिटलं तरी हिशेब वरच!"

साहेब हसले.

तेवढ्यात निळीला टोक फुटलं. पिवळी मात्र सपाट.

"असं होत नाही," साहेब म्हणाले. त्यांनी निळी पुसली. टोक परत आलं. आधीपेक्षा उंच.

"कशाचा सिग्नल, साहेब?"

"...आपल्या वॉकीटॉकीचा."

दोन्ही वॉकीटॉकी गाडीत होत्या. बंद.

साडूनं यंत्राला जोडलेला अँटेना टॉवरच्या शेंड्याकडे धरला. टोक चढलं. साहेबांनी रेघ पुसली, तर तिथं टोक परत उगवेना. अँटेना जरा खाली आणला. पुन्हा चढलं. अँटेना आणखी खाली... टोक आणखी वर. जसं कुणी शिडीवरून एकेक पायरी...

"लपवतो ती रेघ," साहेब म्हणाले. बटण दाबलं. पडद्यावर नुसती पिवळी. सपाट.



"साहेब, लपवली म्हणजे थांबली का?"

"नाही... आत मोजत राहते."

"मग बघा ना एकदा."

"नको."

शिडी वाजली. लोखंडाची. एकदा... मग जवळून.

साडूनंच बटण दाबलं. निळी रेघ पडद्याच्या वरच्या कडेला टेकली होती.

साहेब गाडीला पाठ लावून ओरडले, "ऐकली होती! तुझी हाक ऐकली होती मी! रोजची कुरकुर म्हणून आवाज बंद केला रे... तूच..."

पुढं तोंड हलत राहिलं. आवाज नाही.

साडूनं दुसऱ्याच दिवशी खारीच्या बायकोला आणि कंपनीला सगळं सांगितलं. दोष साहेबांच्या नावावर चढला.

मामा थांबले. थोरल्या भाच्यानं विचारलं, "आणि साहेब?"

"घशाला काही झालेलं नाही म्हणतात डॉक्टर. आजवर एक शब्द फुटलेला नाही."

"यंत्र?"

"बॅटरी बदलली. आतलं सगळं पुसलं. बंद खोलीत ठेवलंय. सुरू केलं की पिवळी सपाट असते. निळी वरच्या कडेला."