डावीकडचा कप

रविवारी दुपारी सव्वादोनला सेन्या हापाला घरी परतली, तेव्हा घरात रेडिओ चालू नव्हता.

आठ तासांची पाळी करून ती आली होती. शनिवार-रविवार ती एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवण्या-बसवण्याचं काम करायची. पहाटे साडेपाचला निघायचं, दुपारी परतायचं. पाय दगडासारखे झाले होते. बाहेर अमेरिकेच्या उत्तर टोकाला असलेल्या डुलुथ गावचा जानेवारी होता आणि सरोवरावरून येणारा वारा कानशिलं सोलत होता.

"आर्वो? आले मी."

उत्तर आलं नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आर्वोच्या खुर्चीसमोर बशी होती. बशीत वेलदोड्याच्या गोड पावाचा अर्धा तुकडा. बशीच्या डाव्या हाताला कॉफीचा कप, काठोकाठ भरलेला, गार झालेला. सेन्याने सवयीने कप उचलला, कॉफी सिंकमध्ये ओतली, कप विसळून पालथा घातला. हात आधी चालले. डोकं मागून आलं.

तळघराचं दार उघडं होतं.

पायऱ्यांच्या तळाशी आर्वो केटुनेन पडला होता. डोक्याखाली रक्त सुकलेलं. श्वास चालू होता, पण इतका हलका की तिला गाल त्याच्या तोंडाजवळ न्यावा लागला. फोनवर पत्ता सांगताना तिची जीभ दोनदा अडखळली.

आर्वो एक्क्याऐंशी वर्षांचा होता. चाळीस वर्षं त्याने लोहखनिज वाहणाऱ्या जहाजांची इंजिनं सांभाळली. दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघात झाला. डावा हात-पाय अधू झाले, पण खरी अडचण त्याहून वेगळी होती. त्याच्या मेंदूने डावी बाजूच सोडून दिली होती. डोळे धड असूनही बशीतलं डावीकडचं अन्न त्याला दिसत नसे. दाढी करताना डावा गाल तसाच राही.

सेन्या ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. आजारातून उठलेल्या माणसाला जेवणं, कपडे घालणं, लिहिणं पुन्हा शिकवायचं, हे तिचं शास्त्र. शिक्षणासाठीच्या सरकारी कर्जाची मर्यादा तिने केव्हाच संपवली होती. आर्वोच्या माळ्यावरच्या खोलीत ती भाडं न देता राहायची आणि त्याच्याकडून रोज सराव करून घ्यायची. शेवटच्या वर्षाची फी मी भरणार, असं आर्वोने स्वतःहून सांगितलं होतं. गुरुवारी त्याने चेक लिहिलाही होता. बावीस हजार चारशे डॉलर. सोमवारी पाच वाजेपर्यंत फी भरली नाही, तर तिचं नाव पटावरून जाणार होतं.

संध्याकाळी चारला सार्जंट बेलांजे त्याच स्वयंपाकघरात बसली होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, हळू बोलणारी बाई. आर्वो इस्पितळात बेशुद्ध होता. सापडला तेव्हा तो पडून सहा ते नऊ तास झाले असावेत, नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"म्हणजे पहाटे पाच ते सकाळी आठच्या दरम्यान," बेलांजे म्हणाली. "तेव्हा तू कुठे होतीस?"

"कामावर. साडेपाचपर्यंत घरीच होते."

"निघताना त्यांना पाहिलंस?"

"झोपले होते. पाव आणि झाकणाचा कप पलंगाशेजारी ठेवला. उजवीकडे."

"घराच्या किल्ल्या कोणाकोणाकडे?"

"माझ्याकडे, रूडीकडे आणि मिसेस लुंडकडे."

रूडी, आर्वोचा पुतण्या, दाराला टेकून उभा होता. बर्फावर चालवायच्या गाड्या विकायचा, महिन्यातून एकदा काकाकडे यायचा. "सार्जंट, तिला मुद्द्याचं विचारा," तो म्हणाला. "फुकट राहायचं, फुकट जेवायचं, वर फीसुद्धा म्हाताऱ्याकडून उकळायची. हे शिकवतात का तुला कॉलेजात?"

बेलांजेने प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद टेबलावर ठेवला. तो आर्वोच्या पलंगाजवळच्या खणात चेकच्या शेजारी सापडला होता. अक्षर आर्वोचं होतं, जहाजावरच्या नोंदवहीसारखं उभट. खाली सही.

*माझं काही बरंवाईट झालं तर सेन्याला विचारा. तिने फीसाठी माझ्याकडून चेक लिहून घेतला आहे. मला तिची भीती वाटते.*

सेन्याने पुन्हा वाचायचा प्रयत्न केला, पण अक्षरं हलू लागली. एक गुन्हा नावावर लागला की या धंद्याचा परवाना जन्मात मिळत नाही, हे तिला पहिल्याच सत्रात सांगितलं होतं. आणि कप. तो कप तिने धुतला होता. पोलिस यायच्या आधी, स्वतःच्या हाताने. हे सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? ती गप्प राहिली.

तेवढ्यात व्हर्ना लुंड आत आली. चर्चमधली जुनी मैत्रीण, शेजारच्या गल्लीत राहणारी विधवा. आर्वोची बिलं भरणं, चेकबुक सांभाळणं हे पक्षाघातानंतर तिनेच अंगावर घेतलं होतं.

"तुम्ही इथे शेवटचं कधी आला होतात?" बेलांजेने विचारलं.

"शुक्रवारी. विजेच्या बिलावर सही घ्यायला. आज नऊपासून मी चर्चमध्येच होते."

"त्याआधी?"

"घरी. एकटी असते मी." तिने सेन्याला जवळ घेतलं. तिच्या अंगाला लव्हेंडरचा वास येत होता. "रडू नको बाळा. धड खाल्लंसुद्धा नाही गं त्याने. पाव अर्धाच, कॉफी तर तशीच. हल्ली त्याची भूकच मेली होती."

"गाव सोडून जाऊ नकोस," निघताना बेलांजे सेन्याला म्हणाली. "उद्या सकाळी नऊला माझ्या ऑफिसात ये."

त्या रात्री सेन्याने माळ्याच्या दारापुढे खुर्ची लावली. कोणीतरी किल्लीने आत आलं होतं. त्याच माणसाने तिचं नाव त्या कागदावर घातलं होतं. घरातला पाइप वाजला तरी ती उठून बसत होती.

सोमवारी नऊला बेलांजेने पत्राचा आणि चेकचा फोटो तिच्यासमोर ठेवला.

"हस्ताक्षर तपासणारा माणूस म्हणतो, अक्षर मिळतंय. तुला काही सांगायचं असेल तर हीच वेळ आहे."

सेन्या दोन्ही कागदांकडे पाहत राहिली. भीतीने सुन्न झालेल्या डोक्यात काहीतरी हललं. अक्षराकडे न पाहता ती कागदाकडे पाहू लागली.

"चेक बघा," ती म्हणाली. "माझं नाव कुठून सुरू झालंय?"

"मधूनच. आडनाव काठाशी चिरडलंय."

"आता पत्र."

"डावीकडून. सगळ्या ओळी एका रेषेत." बेलांजेने मान वर केली. "बरं, मग?"

"आर्वोला कागदाची डावी बाजू दिसत नाही. त्यांच्यासाठी कागद मध्यावर सुरू होतो. पक्षाघातानंतर त्यांनी जे लिहिलं ते सगळं उजव्या अर्ध्यात आहे. माझ्याकडे सरावाच्या चार वह्या आहेत. हे अक्षर कोणीतरी जुन्या पत्रांवरून गिरवलंय."

"तूही गिरवू शकतेस."

"मी गिरवलं असतं तर उजव्या अर्ध्यातच गिरवलं असतं. मला माहीत आहे ना."

बेलांजेने दोन्ही फोटो एकमेकांना लावून ठेवले. "जुनी पत्रं पुतण्याकडेही असतील," ती म्हणाली. "पुढे?"

"तळघराचं दार. कोणालाही वाटेल, ते सकाळी खोलीतून निघाले आणि चुकून त्या दारात शिरले. पण खोलीतून येताना ते दार डावीकडे येतं. त्यांच्या दृष्टीने ते दार नाहीच. स्वयंपाकघरातून परत जाताना मात्र दार उजवीकडे येतं, आणि आर्वो उजवा हात भिंतीला लावून चालतात. म्हणून मीच त्या दाराला उंचावर कडी बसवली होती. ती कोणीतरी काढून ठेवली."

"म्हणजे ते आधी स्वयंपाकघरात होते."

"आणि एकटे नव्हते." सेन्याने दोन्ही तळवे मांड्यांवर दाबून धरले. आता जे सांगायचं होतं त्याने ती सुटणार होती किंवा पुरती अडकणार होती. "टेबलावर कॉफीचा भरलेला कप होता. आर्वोला एका हाताने किटली उचलवत नाही. कॉफी दुसऱ्या कोणीतरी ओतली आणि कप डावीकडे ठेवला. त्यांनी तो पाहिलाच नाही. मी आले, आणि तो कप... धुतला. सवयीने. आर्वो खाली पडलेत हे मला तेव्हा माहीत नव्हतं. काल सांगायला घाबरले."

बेलांजेचं पेन थांबलं.

"कप धुतलास. कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. आत्ता तुम्हाला."

"रूडीला?"

"नाही."

"आमच्या माणसांनी कप पाहिला तो भांड्यांच्या जाळीवर पालथा, कोरडा." बेलांजेने वहीची मागची पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "तरी काल कोणीतरी म्हणालं, कॉफी तशीच राहिली."

सेन्याच्या नाकात लव्हेंडरचा वास भरून आला. त्याच हातांनी तिला काल जवळ घेतलं होतं.

बेलांजे बँकेला फोन लावत होती.

बारा वाजता चौघं आर्वोच्या स्वयंपाकघरात होती. रूडी चिडलेला, व्हर्ना कोट न काढता बसलेली. बाहेर पोलिसांची गाडी उभी होती.

बेलांजेने सगळं क्रमाने सांगितलं. कागदाची डावी बाजू, दार, कडी. मग तिने जाळीवरचा कप आणून टेबलावर ठेवला.

"मिसेस लुंड, शुक्रवारनंतर तुम्ही या घरात काल दुपारी पहिल्यांदा आलात?"

"सांगितलं ना तसं."

"तेव्हा हा कप धुऊन ठेवलेला होता. त्यात कॉफी होती आणि ती कोणी प्यायली नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

व्हर्नाचे ओठ हलले. "सेन्याने सांगितलं असेल."

"नाही सांगितलं," सेन्या म्हणाली. "मी बोलतच नव्हते, मिसेस लुंड. तुम्हीच बोलत होतात."

"बशी पाहून मला वाटलं..."

"आर्वोच्या खात्यात आज सहाशे अकरा डॉलर आहेत," बेलांजे म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी एक लाख नव्वद हजार होते. सगळे चेक तुमच्या हाताखालून गेले. त्यांनी सह्या केल्या, कारण तुम्ही बोट ठेवून 'इथे' म्हणायचात. आज सेन्याचा चेक बँकेत गेला असता तर परत आला असता, आणि संध्याकाळपर्यंत सगळं उघडं पडलं असतं."

रूडी भिंतीपासून सरळ झाला. "व्हर्ना?"

ती कपाकडे पाहत होती. "आधी छपरासाठी घेतले," ती म्हणाली. "फेडणार होते. मग जुगाराच्या मशीनवर बसायला लागले. वाटायचं, एकदा लागलं की सगळे परत ठेवीन. शुक्रवारी चेकबुकात तो आकडा पाहिला. काल सकाळी विनवणी करायला आले त्याला. सहा महिने थांब म्हटलं, पोरगी थांबेल. तो उठला. म्हणाला, रूडीला फोन करतो. फोन त्याच्या खोलीत."

"आणि तळघराच्या दाराची कडी?"

व्हर्नाने अंगावरचा कोट घट्ट ओढून घेतला.

"पत्र कधी लिहिलंत?"



"शनिवारी," व्हर्ना म्हणाली.

म्हणजे विनवणीच्या आदल्या दिवशीच पत्र तयार होतं. बेलांजेने तिला दंडाला धरून उठवलं. दाराशी व्हर्ना सेन्याकडे वळली. "नेहमी बसायचे त्याच्याजवळ. अर्धी बशी टाकायचा. मला वाटलं, भूक नाही."

"बशी फिरवा म्हणून मी तुम्हाला कितीदा सांगितलं होतं," सेन्या म्हणाली.

"हो," व्हर्ना म्हणाली. "मी हो म्हणायचे."

गाडी गेल्यावर सेन्या आर्वोच्या खुर्चीत बसली. सुटल्याचा आनंद कुठेच नव्हता. पावणेएक वाजला होता आणि खणातला चेक आता नुसता कागद होता.

रूडी खिडकीपाशी उभा होता. तो म्हणाला, "फी किती वाजेपर्यंत भरायची आहे?"

"पाच. हप्त्याने भरायची सोय आहे, पण जामीन लागतो. पहिला हप्ता आजच. साडेचार हजार. माझ्याकडे नऊशे आहेत."

"कोट घाल."

"रूडी..."

"काल जे बोललो ते बोललो. मला नीट माफी मागता येत नाही. हे उसने आहेत, लिहून ठेव. आणि हप्ता चुकवलास तर वृद्धाश्रमात येऊन वसूल करीन."

फीच्या खिडकीवरची बाई जेवायला गेली होती. ती येईपर्यंत दोघं बाकावर बसली, मध्ये एक जागा रिकामी ठेवून. रूडीने जामिनाच्या रकान्यात सही केली. सेन्याने पाच हप्त्यांच्या तारखा वाचल्या आणि खाली नाव घातलं. आकडा पाहून तिच्या छातीत पुन्हा धडधडलं, पण ही भीती ओळखीची होती. हिच्याबरोबर जगता येत होतं.

बुधवारी आर्वोने डोळे उघडले. रविवारचं त्याला काही आठवत नव्हतं, आणि डॉक्टरांनी इतक्यात काही सांगू नका म्हटलं होतं. सेन्या त्याच्या उजवीकडे खुर्ची ओढून बसली. रूडी पायथ्याशी उभा होता.

आर्वोने तिला बराच वेळ न्याहाळलं. ओठ कोरडे होते. तिने ओला बोळा लावला.

"सोमवार गेला का?" त्याने विचारलं.

"गेला."

"फी भरली?"

सेन्याने रूडीकडे पाहिलं. तो टोपीची किनार चाचपत खाली बघत होता.

"भरली," ती म्हणाली.

"छान," आर्वो म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले. "आयुष्यात एकदा तरी पैसा योग्य ठिकाणी गेला."