निळं झाकण

"आईचं काही चुकलं तर तिला बोलू नकोस, मिनल. मागून नीट करून घे."

डेंग्यूच्या तापात बुद्धरत्नने बायकोला एवढंच बजावलं होतं. मिनलने हो म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. आज चौकीच्या बाकावर बसल्या बसल्या तिला तो आवाज आठवत होता. समोर तिचे सासरे जयसिंग गॅरेजवाल्या शौकतचाचांच्या अंगावर धावून जात होते.

"ह्योच चोर हाय, मॅडम! पोराचा ट्रक आज निघोज्याच्या चौकात परत बंद पडला. ह्यानंच मागल्या आठवड्यात दुरुस्त करून दिलाय!"

"जयसिंगराव, बसा. आधी पाणी प्या," हवालदार कस्तुराबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना आवाज चढवावा लागत नसे.

जयसिंग बसले.

"शौकतभाई, गाडीला नेमकं काय होतंय?"

"मॅडम, नव्या ट्रकला दोन टाक्या. एक डिझेलची. दुसरी निळ्या झाकणाची, तिच्यात युरिया. धूर साफ करायला लागतो. दिसायला पाण्यासारखाच. तो पातळ झाला की कंप्युटर इंजिनची ताकद काढून घेतो. मग गाडी बैलगाडीसारखी चालते."

"मग टाकी धुवायची."

"धुतली. नवा युरिया भरला. थोड्या दिवसांत परत तेच. वाटलं सेन्सर खोटं बोलतोय, बदलला. मग पंप बदलला. मोठ्या वर्कशॉपात लॅपटॉप लावला, ते म्हणाले मेन कंप्युटरच बदला. मीच नको म्हटलं. आज टाकीतलं काढून मीटरखाली बघितलं. निम्मं पाणी आहे त्यात."

"आन् पाणी कोण घालतंय?" जयसिंग ओरडले. "ज्याला नवनवे पार्ट विकायचेत त्योच की!"

शौकतचाचांनी हातातलं फडकं बाकावर टाकलं. "भाऊ, बुद्धरत्न माझ्या गॅरेजात लहानाचा मोठा झाला. मी त्याच्या गाडीत पाणी घालीन?" ते कस्तुराबाईंकडे वळले. "काय जपायचा गाडीला! एकदा स्टीलची नवी कळशी घेऊन आला. म्हणाला, चाचा, यात युरिया खराब होणार नाही ना? मी हसलो. म्हटलं, गाडीला आंघोळ घालतोस काय?"

"पुढं काय ठरलंय गाडीचं?"

"रविवारी लक्ष्मणराव ट्रान्सपोर्टवाले घिऊन जात्यात," जयसिंग म्हणाले. "ही गाडी घर खायला लागली, मॅडम."

"मला नाही विकायची," मिनल खाली बघत म्हणाली. "त्यांच्या हाताचं एवढंच उरलंय."

दुपारी कस्तुराबाई मोशीला जयसिंगांच्या घरी गेल्या. ट्रक घराच्या भिंतीला लागून उभा होता. निळ्या झाकणाला कुलूप नव्हतं. खालची माती ओली होती. भिंतीवर एक स्टीलची कळशी पालथी घातलेली. घरातली बाकी भांडी आत मांडणीवर होती. ही एकटीच बाहेर.

ड्रायव्हर आरिफ टायर बघत होता.

"युरिया कुठं भरतोस?"

"पंपावर. बुद्धरत्नभाई होते तेव्हा घरी बादल्या असायच्या. आता कोण आणणार?"

"लक्ष्मणराव तुझे जुने मालक ना?"

आरिफ झटकन उभा राहिला. "कळलं मला, मॅडम. गाडी खराब करून त्यांना स्वस्तात देतोय, असंच ना? पण गाडी गेली तर माझी रोजी पण जाते."

"चिडू नकोस भावा. गाडी कधीच बंद पडली नाही, असे काही दिवस होते का?"

आरिफने डोकं खाजवलं. "होते ना. मागं माल होता तेव्हा रात्री निघोज्याच्या यार्डातच लावायचो. एकदा पण त्रास नाय. घरी आणली की परत त्रास चालू."

"तोच पंप, तोच युरिया?"

"तोच."

आतून म्हातारी भीमाबाई आली. बुद्धरत्नची आई. तिने चहा आणला होता.

"मावशी, गुरुवार आहे. उपवास. पाणी चालेल."

"बस की मग. पाण्याबिगर मी दारातनं कुणाला जाऊ देत न्हाई," म्हातारी तांब्या पुढे करत म्हणाली. "माणूस असू दे, न्हाईतर काय बी."

बुद्धाच्या तसबिरीशेजारी बुद्धरत्नचा फोटो होता. म्हातारीने जाता जाता पदराने त्याची काच पुसली.

निघताना कस्तुराबाईंनी मिनलला बाजूला घेतलं. "सकाळी घरी कोण असतं?"

"मी फर्स्ट शिफ्टला अंधारातच निघते. हे गेल्यापासून बाबा झोपेची गोळी घेतात. आरिफ उन्हं वर आल्यावर येतो."

"आणि गाडीत पाणी सापडलं, हे सासूबाईंना सांगितलंय?"

"नाही. त्यांच्यासमोर गाडीचा विषयच काढत नाही आम्ही. लगेच डोळे भरतात."

दुसऱ्या दिवशी पहाटे कस्तुराबाई तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांचा हा नेम. लग्नात चुकला नव्हता, तापात चुकला नव्हता, नवऱ्याला पोचवून आल्यावरही चुकला नव्हता. पाणी घालता घालता हात मध्येच थांबला. तांब्या तसाच धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग उरलेलं पाणी घातलं, हात जोडले आणि स्कूटर मोशीच्या रस्त्याला लावली.

सकाळी त्यांनी सगळ्यांना भोसरीला, शौकतचाचांच्या गॅरेजात बोलावलं. मिनलने रजा टाकली. भीमाबाईला मात्र बोलावलं नव्हतं.

"शौकतभाईंनी पाणी घातलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पार्टच विकायचे असते तर मेन कंप्युटर विकला असता. त्यांनी तो अडवला. पंपावर भेसळ नाही, नाहीतर निघोज्यालाही गाडी बंद पडली असती. पाणी पडतं ते मोशीत, घराच्या दारात."

"म्हंजे आरिफ!" जयसिंग म्हणाले.

"आरिफ येतो त्याच्या आधीच पडलेलं असतं. मी एवढंच धरून बसले होते की कुणाला तरी नुकसान करायचंय. पण नुकसान करणारा लपून करतो आणि गप्प बसतो. हे रोज होतंय. टाकी धुतली तरी, सेन्सर बदलला तरी, न चुकता. असं रोज कोण करतं, जयसिंगराव? ज्याचा नेम असतो तोच."

कस्तुराबाई जयसिंगांच्या जवळ गेल्या.

"तुमची जुनी गाडी होती तेव्हा सकाळी रेडिएटरमध्ये पाणी कोण घालायचं?"

"हिची सासू," जयसिंगांचा आवाज उतरला. "पोरगं म्हणायचं, आईच्या हातचं पाणी पडल्याबिगर मी निघत न्हाई."

"नवी गाडी आली. तिला रोज पाणी लागत नाही. पण आईला नको म्हणायचं कसं? म्हणून त्याने स्टीलची कळशी घेतली. पहाटे उठून तिच्या तळाशी थोडा युरिया ओतायचा आणि आईच्या हातात द्यायचा. घाल म्हणायचा, पाणी. ती निळ्या झाकणात घालायची. गाडीलाही पोचायचं, आईलाही. आता कळशी भरून द्यायला तो नाही. ती नळावर भरते. आज पहाटे मी कोपऱ्यावर उभी राहून पाहिलं. कळशी रिकामी केली, झाकण पदराने पुसलं, आणि ट्रकच्या दारावर हात ठेवून म्हणाली, 'सावकाश जा रं बाळा.'"

आरिफने तोंड फिरवलं.

जयसिंग एका जुन्या टायरवर बसले. मग त्यांनी शौकतचाचांचा ऑइलने काळा झालेला हात दोन्ही हातांत धरला. दोघंही रडत होते.

"लक्ष्मणरावाला न्हाई म्हणून सांगतो," जयसिंग म्हणाले. "पर तिला कसं सांगू? लेकाची गाडी तूच बंद पाडत होतीस, म्हणून?"

"नाही सांगायचं, बाबा," मिनल म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज स्पष्ट आला. "मी त्यांना शब्द दिलाय."

ती शौकतचाचांकडे वळली. "चाचा, टाकी धुऊन द्या. आणि युरियाची एक बादली द्या. घरी न्यायला."

पुढच्या पहाटे कंपनीच्या बसला अजून वेळ होता. आत भीमाबाईची वंदना चालली होती. मिनल अनवाणी अंगणात आली, भिंतीवरची कळशी उतरवली आणि आवाज होऊ न देता बादलीचं झाकण उघडलं.