मोजणीबाई

मला गोष्टी रचता येत नाहीत. मला कपडे धुता येतात. एकवीस वर्षं मी एकाच हॉस्पिटलच्या तळघरात चादरी धुतोय. खाली लिहिलंय ते जसं झालं तसं लिहिलंय, पदरचं काही घातलेलं नाही.

यात रात्र नाही. गुरुवार होता, दुपारचे साडेतीन. पण ऑपरेशन थिएटरला खिडकी नसते. आत दुपार काय आणि रात्र काय, सारखंच.

माझी बायको त्याच हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, मदतनीस होती. नर्स नव्हे, नर्सच्या हाताखालची. पेशंटला टेबलावर घ्यायचं, पट्टा बांधायचा, डॉक्टरांच्या गाऊनच्या पाठीमागच्या नाड्या बांधायच्या, दिवा सरकवायचा, मागतील ते पळत आणून द्यायचं.

आणि मोजायचं.

पोट उघडलं की रक्त टिपायला कापडाचे जाड तुकडे लागतात. त्यांना मॉप म्हणतात. भिजला की मॉप आणि पोटातलं मांस सारखंच दिसतं. म्हणून सुरुवातीला वीस असतील तर शिवायच्या आधी वीस दिसले पाहिजेत. टेबलावरचे कोरे सिस्टर मोजायची. बादलीत टाकलेले माझी बायको मोजायची. एकेक उलगडून, मोठ्याने. मग सिस्टर मागे न बघता विचारायची, "झाले?"

ही म्हणायची, "झाले."

तोवर टाका नाही. आणि मोजणी जुळेपर्यंत खोलीतून कुणी बाहेर जायचं नाही, असा नियम. बाकीचे कधीमधी कानाडोळा करायचे. ही नाही. सगळे तिला मोजणीबाई म्हणायचे.

"मोजणीबाई, आटपा. पेशंट म्हातारा होईल," डॉक्टर वैतागायचे.

"होऊ दे की डॉक्टर. त्यासाठीच आलाय तो."

एखादा कमी पडला की ती खाली मला फोन करायची. "अहो, चादरीत गुंडाळून आलाय का बघा." मी गठ्ठा सोडून बघायचो. बहुतेक वेळा सापडायचा.

मागच्या वर्षी तिच्याच पोटात गाठ निघाली.

दुसरीकडे जायला तयार नव्हती. "तिथे माझी माणसं आहेत," म्हणाली. ट्रॉलीवरून आत नेताना सिस्टरला विचारत होती, "आज बादली कोण बघणार?"

"मेले, आज तरी गप्प पड," सिस्टर हसत म्हणाली.

गुरुवारी ऑपरेशन झालं, चांगलं झालं असं सांगितलं. तिच्या चादरी खाली आल्या. त्या मीच धुतल्या, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मन होईना. फोनकडे कान होता.

फोन आला नाही. मला हायसं वाटलं.

पाचव्या आठवड्यात ताप चढला. पोट दगडासारखं झालं. फोटो काढू, तपासणी करू म्हणेपर्यंत ती गेली. कागदावर लिहिलं, संसर्ग. मी सही केली.

महिन्याने कामावर परतलो. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, सिस्टर तळघरात आली. ती कधी खाली येत नाही.

"भाऊजी, जरा वर चला."

"का? काय झालं?"

"दर गुरुवारी... शेवटचा पेशंट बाहेर गेला की ओटीचं दार उघडत नाही. आत राहिलेले आतच. मेकॅनिक तीनदा येऊन गेला. त्याच्यासमोर उघडतं."

"मग मी काय करू? मी धोबी आहे."

ती जिन्याकडे वळली. मी तिच्या मागून गेलो.

ओटी रिकामी होती. लादी पुसलेली, दिवा बंद. आमच्यामागे दार सरकून लागलं.

सिस्टरने बटण दाबलं.

दार हललं नाही.

मग... बादलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. पायाने दाबून उघडतात ना, तसा. आम्ही दोघं दाराशी होतो. बादली टेबलाच्या पलीकडे, आठ-दहा पावलांवर.

मग ओलं कापड उलगडल्यासारखा आवाज.

"एक..."

तो आवाज मी पंचवीस वर्षं घरात ऐकलाय. चूक होणं शक्य नाही.

"दोन... तीन..."

बादलीपाशी कुणी नव्हतं. मला दारापासून दिसत होतं.

"अठरा... एकोणीस..."

पुढे काही नाही.

टेबलावरची चादर खालून जराशी उचलली गेली... कुणी वाकून बघावं तशी. मग भिंतीकडच्या कपाटाचं दार करकरलं. मग ट्रॉलीचं चाक. ती शोधत होती. सगळीकडे शोधत होती.

मग पुन्हा झाकण. पुन्हा, "एक..."

सिस्टर भिंतीला टेकून खाली बसली.

"भाऊजी, त्या दिवशी टेबलावर एकही कोरा उरला नव्हता, ते मी पाहिलं. बादलीतले नेहमी ती मोजायची. दुसरं कुणी आहे का, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सवयीने मी मागे न बघता विचारलं, 'झाले?' आणि..."

"आणि काय?"

"मला 'झाले' ऐकू आलं. तिच्याच आवाजात. मी फळ्यावर वीस लिहिलं. डॉक्टरांनी पोट शिवलं. ती टेबलावर बेशुद्ध होती, भाऊजी. रात्री घरी जेवायला बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"आज बोलू, उद्या बोलू... ती चालायला लागली होती. हसत होती. मला वाटलं, कुणीतरी मोजले असतील."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला एवढंच कळलं की विसावा मॉप कुठे आहे ते त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. तो आता कुठेच नव्हता. तिच्याबरोबर जळाला होता. मोजणी जुळणार नाही, आणि जुळल्याशिवाय ती बाहेर येणार नाही.

"बारा... तेरा..."

"अगं," मी म्हणालो, "पुरे आता. जुळली. चल घरी."

आवाज थांबला.

मला वाटलं, ऐकलं तिने. मी एक पाऊल पुढे टाकलं. कुणीतरी मान वळवून बघतंय असं वाटलं... शपथेवर सांगतो.

"तो राहिला गं तुझ्या पोटात. शोधू नकोस. तुझी चूक नाही."

मी हात पुढे केला.

मग झाकणाचा आवाज.

"एक..."

सिस्टर रडत होती. "मधे बोललं की ती पहिल्यापासून घेते, भाऊजी. जिवंत असतानाही घ्यायची."

साडेचारला दार आपलं आपण उघडलं. आम्ही दोघंच बाहेर आलो.

सिस्टर नोकरी सोडून गेली. तक्रार कर म्हणतात लोक. दाखवायला काय आहे माझ्याकडे? राख. तीही पाण्यात सोडली.

दर गुरुवारी मी चादरी न्यायच्या निमित्ताने वर जातो आणि दार लावून घेतो. गप्प राहिलो तर ती एकोणीसपर्यंत पोचते. मग थांबते, मग शोधायला लागते. ते शोधणं मला ऐकवत नाही.

म्हणून अठरावर आली की मी तिला नावाने हाक मारतो.

ती थांबते. मग पुन्हा एकपासून घेते.