मागे बांधलेल्या दोन सायकली

ती पांढरी व्हॅन दहा मिनिटं माझ्या मागेच होती.

मी लेन बदलली, तिनेही बदलली. मी वेग कमी केला, तिनेही केला. आणि आता तर ती दिवे मारत होती – एकदा, दोनदा, सारखे... भुरभुर पावसात मागच्या काचेवर ते दिवे पसरत होते आणि स्टिअरिंगवरचे माझे हात गार पडत होते.

"थांब की जरा. काय म्हणतोय बघू," शेजारून बाबा म्हणाले.

"अनोळखी माणसासाठी? भर रस्त्यात?"

"भागूबाई आहेस नुसती!"

होतेच मी. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून तर जास्तच. मी कानांची तपासणी करते. दिवसभर बंद खोलीत लोकांना बारीक बारीक आवाज ऐकवते, आणि घरी आले की बाबांचा श्वास ऐकत बसते. डॉक्टरांनी त्यांना बेताने सायकल चालवायला सांगितलं, म्हणून आम्ही दोघांनी ई-बाइक, म्हणजे बॅटरीवरच्या सायकली, घेतल्या. चढ आला की मोटर ढकलते, छातीवर ताण येत नाही. पण त्या जड – एकेक पंचवीस-सव्वीस किलोची! तळ्याकाठचा सपाट रस्ता गावाबाहेर होता, म्हणून दादाचा जुना सायकल-रॅक माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या डिकीला पट्ट्यांनी बांधला होता.

चार्जिंग स्टेशन दिसताच मी आत वळले. तिथे निदान माणसं होती. व्हॅनही आत आली. एक उंच माणूस उतरून धावतच आमच्याकडे आला. मी काच बोटभर खाली केली.

"मॅडम, आधी मागे येऊन पट्टा बघा."

पट्टा शेवटच्या दोऱ्यांवर आला होता. बाबांची सायकल रस्त्यापासून वीतभर उंचीवर लोंबत होती.

"ही... ही पडली असती तर?"

"म्हणून तर मागे राहिलो. मध्ये कुणी दुचाकीवाला घुसू नये म्हणून."

तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याचा चेहरा माझ्यापेक्षा पांढराफटक पडला होता.

त्याचं गाड्यांना हिच – मागे ओझं अडकवायचा लोखंडी आकडा – आणि रॅक बसवून देण्याचं वर्कशॉप होतं. बाबा त्याला तिथल्या तिथे 'मिस्त्री' म्हणू लागले. सायकली त्याच्या व्हॅनमधून घरी आल्या आणि दोन दिवसांनी मी त्याच्या वर्कशॉपमध्ये उभी होते.

"डिकीच्या पत्र्यावर एवढा भार टाकायचाच नाही," तो म्हणाला. "गाडीच्या सांगाड्याला खालून लोखंडी हिच बसवू, त्यात रॅक. तुमच्या गाडीच्या हिचला पंचाहत्तर किलोची मर्यादा आहे. दोन सायकली एक्कावन्न, हा रॅक एकोणीस. झाले सत्तर."

"म्हणजे पाचच किलो उरले! तो भिंतीवरचा हलका आहे ना? तो द्या."

"त्यात सायकल दांड्याला टांगावी लागते. एवढं वजन झोके घेत राहतं. यात दोन्ही चाकं खाचेत बसतात. बॅटऱ्या काढून गाडीत ठेवा, आणखी सहा किलो कमी. आणि ही घसरपट्टी बघा – बाबांना उचलायला नको, नुसतं ढकलायचं."

बाबांचा विचार त्याने माझ्याआधी केला होता.

"खड्डा आला तर?"

"हळू जायचं."

"अचानक ब्रेक मारला तर?"

"सायकली जागच्या हलणार नाहीत."

"आणि समजा..."

"तुम्ही सगळ्यांनाच एवढे प्रश्न विचारता?"

"ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा असतो, त्यांनाच," मी म्हणाले, आणि जीभ चावली. तो हसला... आणि हातातला पाना खाली पडला.

हिच यायला आठवडा लागला. तेवढ्या दिवसांत माझ्या शंका संपेनात आणि त्याचे फोन थांबेनात. "आजची शंका?" असंच तो सुरू करायचा.

रॅक बसला त्या दुपारी आम्ही दोघं चाचणीला निघालो. मागे दोन्ही सायकली, शेजारी तो. मी बोलतच होते – भीती वाटली की मी बोलते. गतिरोधकावरून गाडी गेली आणि मी गप्प झाले.

"टक् असा आवाज आला."

"मला नाही ऐकू आला."

"मला आला."

"मग थांबवा गाडी. आत्ता."

तो ओल्या रस्त्यावर आडवा होऊन गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा ओठ कोरडे होते.

"हिचची खिट्टी पुरती बसली नव्हती. मीच लावली होती."

त्याने ती बसवली, तीनदा ओढून पाहिली आणि तिथेच रस्त्याकडेला टेकला. मग सांगितलं – तीन वर्षांपूर्वी त्याने बसवलेल्या रॅकवरून एक सायकल सुटली होती. मागून स्कूटरवर येणाऱ्या बाईचा पाय मोडला.

"तेव्हापासून प्रत्येक खिट्टी तीनदा तपासतो. आज एकदाच तपासली."

"का?"

"खिट्टी लावताना तुम्ही बोलत होतात..."

तो उठला. त्याने दुसऱ्या एका वर्कशॉपचा पत्ता कागदावर लिहून दिला. "पुढे काही लागलं तर इथे जा."

आठ दिवस फोन आला नाही. सायकली घरात भिंतीला टेकून होत्या. बाबा आधी माझ्या फोनकडे बघायचे, मग माझ्याकडे. मला नेहमीच्या कुठल्याच गोष्टीची भीती वाटेना. एकच वाटत होती... आता त्याचा फोन कधीच येणार नाही.

नवव्या दिवशी मी वर्कशॉपच्या दारात उभी राहिले.

"रॅक ढिला झाला?" तो घाबरून पुढे आला.

"रॅक ठीक आहे. मी नाही."

"माझी चूक झाली होती. तुमच्या बाबांची सायकल..."

"झाली होती. पण मी आवाज आला म्हटल्यावर तुम्ही गाडी थांबवायला लावलीत. 'तुला भास होतोय' म्हणाला नाहीत. जन्मभर सगळे मला तेच म्हणत आलेत." आता मागे फिरणं नव्हतं. "मला तुम्ही आवडता. खूप. नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हणा, माझा धीर संपतोय."

तो वळला, नळाखाली हात धुतले – किती वेळ! – आणि परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"डाग निघत नाहीत," हात पुढे करत तो म्हणाला.

मी तो हातात घेतला.

"भीती वाटतेय?"

"खूप," तो म्हणाला, आणि पकड आणखी घट्ट केली.