आंघोळीचं पाणी

शिरे नदीनं गाव गिळलं, तेव्हा उरलेली माणसं टेकडीवरच्या शाळेत येऊन राहिली. मागोमाग कॉलरा आला. साहेब लोक गमबूट घालून आले, फोटो काढून गेले. क्लोरीन मात्र पुरेना. हापशावर भरलेल्या प्रत्येक बादलीत झिओने नावाची गावातलीच बाई सिरिंजनं औषध सोडायची, मगच बादली पुढे जायची.

दुसरं कामही तिच्याच गळ्यात पडलं होतं. मेलेल्याला घरच्या बायांनी आंघोळ घालायची, ही तिथली रीत. पण त्या पाण्यानंच रोग पसरतो. म्हणून झिओने प्रेतावर क्लोरीन फवारायची, ते पिशवीत घालून चेन ओढायची आणि शाळेमागच्या खड्ड्यांकडे पाठवायची. बाया तोंडावर शिव्या द्यायच्या. ती पुढच्या प्रेताकडे वळायची. तिची स्वतःची पोर, तडाला, कॉलऱ्याच्या तंबूत सलाईनवर होती. भांडायला जीव होता कुठे?

त्या सकाळी एक म्हातारी मडकं घेऊन आली. अंगावरचं कापड चिखलानं माखलेलं.

"आजी, मडकं इकडे करा. औषध घालते."

"नको. प्यायचं नाहीये. आंघोळीचं आहे."

"कुणाच्या?"

"ज्यांची राहिली त्यांच्या."

हापसा मारणारी फेनेस हसली. "जाऊ दे गं. सारखी येते. आंघोळीची भारी हौस दिसतेय म्हातारीला."

म्हातारी शाळेमागे गेली, खड्ड्यांच्या बाजूला. तिकडे कुणीच राहत नव्हतं. झिओनेला मागे जाऊन बघावंसं वाटलं, पण रांग सोडून जाणार कशी?

दुपारी म्हातारी पुन्हा आली. मडकं भरलं आणि या खेपेला कॉलऱ्याच्या तंबूकडे वळली.

झिओने सिरिंज टाकून धावली.

तंबूच्या दारात नर्स बसली होती. "आत कोण गेलं?" झिओनेनं विचारलं.

"कुणी नाही. धापा कसल्या टाकतेस? पोरगी सुधारलीय तुझी. उद्या घेऊन जा."

झिओनेला रडूच फुटलं. डोळे पुसत ती आत गेली.

तडाला सरळ निजली होती, हात अंगालगत. केस ओले. अंगाला क्लोरीनचा वास नव्हता, नदीच्या गाळाचा होता.

"आंघोळ कुणी घातली गं?"

"आजीनं." तडाला हसली. "मी म्हटलं, मी बरी झालेय. तर म्हणाली, आताच घालून ठेवते. नंतर तुझी आई घालू द्यायची नाही."