चार ठोक्यांचं हत्यार

विश्वास ठेवा, नका ठेवू, तुमची मर्जी. पण यातलं एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती हसिना आमची शेजारीण, आणि जिनं ते आपल्या कानांनी ऐकलं ती सारजाबाई म्हणजे माझी आई.

साल १९८२. गाव पौड, तालुका मुळशी. महिना श्रावण.

रात्र नव्हती. अमावस्या तर नव्हतीच. शुक्रवारची भर दुपार होती...

आळीतले पुरुष जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घराच्या परड्यात पत्र्याखाली एक चेपलेली जीप उभी होती. आणि घरात हसिना एकटी होती.

नवरा जाऊन महिना झालेला. इद्दत चालू. चार महिने दहा दिवस तिला उंबरा ओलांडायचा नव्हता. काहीही दिसो, काहीही ऐकू येवो, पळून जायला तिला जागाच नव्हती.

तिचा नवरा मौला मिस्त्री. जुन्या गाड्या तो घरच्या परड्यातच दुरुस्त करायचा. दुकान नाही, पाटी नाही, तरी पुण्यातल्या मिस्त्रींनी हात टेकलेली गाडी शेवटी पौडात यायची. त्याची निम्मी हत्यारं त्यानं स्वतः घडवलेली. घट्ट बसलेला भाग ओढून काढायला ट्रकच्या कमानपाट्यातून केलेला पुलर होता. एकदा धरलं की सोडत नाही म्हणून त्याचं नाव ‘सासू’. इंजिनाची कुरकुर ऐकायला एक लांब सळई होती, तिच्या टोकाला दोऱ्याचं रिकामं रीळ. रीळ कानाला लावलं की मौला डोळे मिटायचा आणि दुखणं सांगायचा.

आणि एक होता ‘वाकड्या’. काळाकुट्ट, कोयत्यासारखा वळलेला पाना. बाजारातला कुठलाच पाना पोचत नाही तिथं तो पोचायचा.

अशी अठरा हत्यारं भिंतीवरच्या फळीला टांगलेली असायची. प्रत्येकाच्या मागं डांबरानं त्याचा आकार काढलेला. मौलाचा कायदा एकच. फळी भरल्याशिवाय गाडी परड्यातून हलवायची नाही. गाडीच्या पोटात विसरलेला पाना माणूस खातो, असं तो म्हणायचा.

मोजायचं काम हसिनाचं. तेही नुसत्या नजरेनं चालायचं नाही, प्रत्येक हत्याराला हात लावून मोजायचं.

दोघांची आणखी एक रीत होती. मौला गाडीखाली आडवा झाला की तोंड उघडायचा नाही, उघडलं तर आत माती पडायची. तो हातातला पाना चासीवर, गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, ठोकायचा. एक ठोका म्हणजे हातोडा. दोन म्हणजे पक्कड. तीन म्हणजे सासू. चार म्हणजे वाकड्या. हसिना ते हत्यार खाली सरकवायची. चुकीचं दिलं तर तो ते मुकाट्यानं परत बाहेर ढकलायचा. बारा वर्षांचा संसार त्यांनी निम्माशिम्मा असाच केला. तेवढ्या वर्षांत तीही अर्धी मिस्त्री झाली होती.

आषाढात गावच्या कोंडाजींनी लिलावात घेतलेली जुनी जीप मौलाकडं आली. मौलानं ब्रेक केले, खालचे सांधे आवळले आणि तो एकटाच जीप तपासायला ताम्हिणीच्या रस्त्यानं गेला.

घाटातल्या एका वळणावर जीप वळलीच नाही.

सरळ दरीत गेली.

मय्यतीच्या दिवशी कुणाची तरी नजर फळीवर गेली. वाकड्याची जागा रिकामी होती. झालं, गावाच्या जिभेला हाड कुठलं? ‘मौला पाना गाडीतच विसरला. आपल्याच हलगर्जीनं मेला. लोकांच्या जिवाशी खेळत व्हता.’

हसिना भडकली. “हत्यारं मी मोजलीत. अठरा व्हती. मय्यतीला शंभर माणूस येऊन गेलं, त्यातल्या कुणी हात मारला ते आधी बघा.”

तिचा संशय दिरावर होता. दीर अलाउद्दीन बोलून चालून व्यापारी. “भाभी, बाईमाणसाला हत्यारं काय करायचीत? फळी मोकळी करू, जीप भंगारात घालू,” असं तो दर दोन दिवसांनी म्हणायचा.

“मोकळी न्हाई व्हनार. परडं मी चालवनार हाय. आन जीप हितं आणा. मी खोलून दावते, आत काय बी न्हाई.”

तिनं इतका हट्ट धरला की कोंडाजींनी साखळ्या लावून जीप दरीतून काढली आणि परड्यात आणून टाकली. चार दगडांवर, पत्र्याखाली. तिला हात लावायचं मात्र हसिनाच्यानं होईना. आज बघू, उद्या बघू, असं चाललं होतं.

आणि मग तो शुक्रवार आला.

हसिना तांदूळ निवडत होती...

ठक.

ठक. ठक. ठक.

तिचा हात सुपातच थांबला. आवाज लोखंडावर लोखंडाचा होता. उंदीर असा ठोकत नाही.

ती परड्याच्या दारात आली. जीप तशीच उभी. पत्र्यावरून पागोळ्या गळत होत्या.

ठक. ठक. ठक. ठक.

जीपच्या खालून...

दुसरी बाई असती तर किंचाळली असती. हसिनानं पदर खोचला. “कोन हाय रं तितं? बाहेर ये, न्हाईतर हातोडा घालीन!”

कुणी आलं नाही. ती वाकून बघायला गेली आणि अर्ध्यातच परत सरळ झाली. मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिनं फळीवरची पक्कड काढली, जीपखाली सरकवली आणि पाठ फिरवली.

मागं खरवडल्यासारखा आवाज झाला.

वळून बघते तर पक्कड बाहेर येऊन पडलेली. तिच्या पायाशी.

तिनं सासू दिली. सासू बाहेर आली. हातोडा दिला. हातोडा बाहेर आला.

आणि परत चार ठोके...

आता तिला भीतीपेक्षा रागच जास्त आला. “न्हाई माझ्यापाशी! चोरीला गेला! ज्यानं नेला त्याच्या दारात जाऊन ठोका!”

ठोके थांबले. मशिदीतून माणसं परतायला लागली होती.

पुढच्या शुक्रवारी तिनं माझ्या आईला बोलावून बसवलं. दोघी चुलीपाशी बसल्या. नमाजाची वेळ झाली...

चार ठोके. आईनं बोटांवर मोजले.

“अगं हसिना, हे काय खरं न्हाई. देवऋष्याला आणू. न्हाईतर तुमच्यातल्या कुणा जाणत्याला.”

“कुणाला न्हाई आणायचं सारजाक्का. मेला तरी नवरा माझाच हाय. त्यांचं काय ते मी बघीन.”

“तोंडानं म्हनतीस, पण हात बघ तुझा कसा कापतोय.”

“कापू दे. हात कापतोय, जीभ न्हाई.”

तिसऱ्या आठवड्यात अलाउद्दीननं परस्पर ठरवून टाकलं. शुक्रवारी नमाज झाला की तो कोंडाजींना आणि भंगारवाल्या भैरूला घेऊन येणार. भैरू जीप जागेवर तोडणार, फळीही नेणार. म्हणजे जीप खोलून दाखवायचं राहिलंच, आणि मौलाचं नाव कायमचं बदनाम. आणि हसिनानं उरलेला जन्म दिराच्या ओसरीवर काढायचा.

त्या शुक्रवारी आभाळ इतकं भरून आलं होतं की दुपारीच चिमणी लावावी लागली. आई दारात बसली होती. अजून ठोके आले नव्हते. हसिना उठली, हातोडा घेतला.

“कुटं निघालीस?”

“खाली. त्यो भैरू यायच्या आत मला बघायचंय.”

“एकटी?”

“बारा वर्सं ते एकटेच जात व्हते ना?”

ती जमिनीवर पालथी झाली आणि जीपखाली सरपटत गेली. आईला नुसते तिचे पाय दिसत होते.

आत अंधार होता. दरीतल्या चिखलाचा आणि जळक्या तेलाचा वास होता. हातानं चाचपत ती उताणी झाली...

आणि तिच्या पाठीला गोणपाट लागलं.

मौला ज्यावर निजून काम करायचा ते गोणपाट. तिनं ते स्वतः धुऊन, घडी घालून माळ्यावर ठेवलं होतं. ते इथं पसरलेलं होतं. कोरडं होतं...

आणि मधोमध माणसाएवढं खोलगट होतं.

हसिनानं डोळे घट्ट मिटले. आणि ती मोठ्यानं म्हणाली, “मी भीत न्हाई तुमाला. काय पायजे ते सांगा.”

ठक.

डाव्या कानाजवळ. इतक्या जवळ की कानशिलाला हादरा बसला.

ठक. ठक.

ठक...

तिनं आवाजाच्या जागी हात घातला. चाकं वळवणारा आडवा दांडा होता. त्याच्या आणि चासीच्या सांदीत काहीतरी पाचर मारल्यासारखं अडकलं होतं. तिनं बोटं फिरवली. ओळख पटायला डोळे लागले नाहीत.

वाकड्या.

हातोड्याचा एक घाव घातला. हलला नाही. दुसरा घातला. तिसरा घालायच्या आधीच तो सुटला आणि तिच्या तळहातात आला. कुणीतरी धरून ठेवलेला हात सोडावा, तसा.

जीप पंधरा दिवस दरीत पावसात पडली होती. तिचा पत्रा न् पत्रा गंजला होता. वाकड्याला गंजाचा ठिपका नव्हता. त्याला तेल लावलेलं होतं...

आणि तो ऊबदार होता.

त्या क्षणी तिला सगळं आठवलं. भीतीनं नव्हे, लाजेनं तिच्या अंगाला काटा आला.

त्या सकाळी ती भाकरीचं पीठ मळत होती. आभाळ असंच भरून आलेलं. मौलानं जीपमध्ये बसून विचारलं, ‘भरली का?’ हात पिठात होते. तिनं चुलीपासूनच मान वळवली. आदल्याच आठवड्यात तिनं फळीवरचे पुसट झालेले आकार ताज्या डांबरानं गिरवले होते, जाड, काळेभोर. त्या अंधारात वाकड्या जागेवर टांगलेला दिसला. नुसतं डांबर होतं ते.

आणि ती म्हणाली होती, ‘भरली. जा.’

तिच्या शब्दावर तो गेला होता.

ती बाहेर आली तेव्हा तोंड चिखलानं भरलेलं. माझ्या आईनं पाना बघितला, हसिनाचं तोंड बघितलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग दबक्या आवाजात म्हणाली, “विहिरीत टाक. अजून कुणी आलं न्हाई. मी कुणाला सांगायची न्हाई.”

परड्यातच विहीर होती. दहा पावलांवर. पाना बुडाला असता तर जीपमध्ये काहीच निघालं नसतं. मौला सुटला असता. ती सुटली असती. गावालाच थोबाडात बसली असती.

हसिना विहिरीपर्यंत गेली. काठावर उभी राहिली. आई सांगायची, ती पाण्याकडं बघत नव्हती, हातातल्या पान्याकडं बघत होती.

तेवढ्यात दारात माणसं आली. अलाउद्दीन, कोंडाजी, भैरू, आणि नमाजाहून परतणारे पाचपंचवीस.

हसिना उंबऱ्याच्या आत उभी राहिली. इद्दत होती म्हणून दाराआडून बोलली, पण आवाज पार चौकापर्यंत गेला.

“पाना घावला. गाडीतच व्हता. चाकं त्यानंच अडकली.”

बाहेर कुजबूज सुरू झाली. अलाउद्दीन म्हणाला, “बघा, मी म्हनत व्हतो...”

“थांबा भाऊजी. मिस्त्रींनी इचारलं, फळी भरली का. मी हात न लावता हो म्हनले. मोजणी माझी चुकली. तुमच्यावर आळ घेतला त्यो बी माझाच गुन्हा. माझ्या तोंडावर थुंका, पण आजपास्नं मौला मिस्त्रीला कुणी नाव ठेवायचं न्हाई. त्यांचा कायदा खरा व्हता. मोडला मी.”

कोंडाजी पुढं आले. “हसिनाबी, हे आख्ख्या गावाला सांगितलंस. आता तुझ्या परड्यात गाडी कोन आनंल?”

“ज्याला आपली चूक सांगणारा मिस्त्री पायजे, त्यो आनंल. बाकीच्यांनी पुण्याला जावं.”

कोंडाजींनी जीपकडं एकदा बघितलं. मग त्यांनी भैरूला हातानं परत जायची खूण केली.

इद्दत संपली त्या आठवड्यात हसिनानं तीच जीप खोलली. परडं तिनं पंचवीस वर्षं चालवलं. वाकड्या रोज वापरला. कुणी म्हणालं, अपशकुनी आहे, फेकून दे, तर ती म्हणायची, अपशकुन लोखंडात नसतो, आळसात असतो.

ठोके पुन्हा कधी आले नाहीत.

माझ्या आईला वाटायचं, यात न कळण्यासारखं काय आहे? नवऱ्यानं बायकोला तिची चूक दाखवली आणि तो शांत झाला.

मी मागच्या वर्षी हसिनामावशीला हे बोलून दाखवलं. ती आता सत्तरीच्या पुढं आहे. तिनं मान हलवली आणि आवाज खाली आणला.

“पाना त्यांच्यापाशीच व्हता रं. मग माझ्याकडं का मागत व्हते? आज ना उद्या ती जीप कुणीतरी खोलनारच व्हतं. त्याच्या आत मी त्यो काढावा, लपवावा, म्हनून बोलवत व्हते? का मला चुकीत धरायला आले व्हते?”

तिनं पदर सावरला.

“वाचवायला आले असतील, तर मी त्यांचं ऐकलं न्हाई. आन धरायला आले असतील...” परड्याच्या दाराकडं तिनं एकदा बघून घेतलं. “तर बारा वर्सं मी कुणाच्या शेजारी निजले, तेवढं मला सांग.”